एप्रिलमधले नकाशे

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की इंगळे सर शाळेच्या कपाटातून आपले नकाशे काढायचे, एकेक झटकून गुंडाळायचे आणि काखेत मारून मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरातल्या घरी न्यायचे. जुलैत परत आणायचे. नकाशे त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेले होते. "उद्या ऑर्डर नाही आली तं मागाले कोन येईन?" असं म्हणायचे. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या शाळेत ट्रेनिंग न झालेल्यांची नेमणूक एप्रिलअखेर संपायची. पुढची जुलैत, मिळाली तर. सर भूगोलाचे एम.ए. होते, आणि पंधरा उन्हाळे त्यांनी पोस्टमनची वाट पाहण्यात घालवले होते.

मी नवी लागलेली, नुसती बी.ए. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला एका एप्रिलमध्ये आम्हा दोघांनाही एकच पत्र मिळालं: वर्षभरात बी.टी.चं, म्हणजे शिक्षकाचं ट्रेनिंग करून या, नाहीतर येऊ नका. माझी पंचाईत अशी, की अमरावतीला एम.ए.साठी माझं नाव लागलं होतं. प्राध्यापकांनी स्वतः बोलावलं होतं, आणि मला ते मनापासून हवं होतं. पण बाबा कचेरीत शिपाई, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि माझ्या पाठीवर दोन भावंडं. रात्र रात्र झोप येईना. शेवटी सरांना विचारलं.

"बाई, डिग्री डोक्यात रायते, ट्रेनिंग पोटात जाते," ते म्हणाले. "एम.ए. पाहाचं असन तं माह्याकडं पाहा. एप्रिल लागला का घास उतरत नाही या एम.ए.ले."

मी घाबरले आणि बी.टी.चा फॉर्म भरला. एम.ए. राहिलं ते राहिलंच.

सरांनीही फॉर्म भरला. अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात ते आमच्या तुकडीतले सर्वांत वयस्क विद्यार्थी. अकोल्यात या माणसाला कधी पाठाचं टाचण लागलं नव्हतं. एखाद्या पोरानं आडवातिडवा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा खुलायचा, खडू खाली ठेवून म्हणायचे, "वा! आता झाला तास सुरू." इथे मात्र कोणतं वाक्य कितव्या मिनिटाला येणार हे वहीत लिहावं लागे. सर ते पाठ करत. खाणावळीत ताटावर बसले तरी ओठ हलत असायचे. मला त्यांच्याकडे पाहून जास्तच भीती वाटायची.

वार्षिक परीक्षेतल्या पाठाच्या दिवशी त्यांच्यामागोमाग तिथल्या शाळेतल्या त्याच वर्गावर माझा पाठ होता, म्हणून मी दाराशी उभी होते. मागच्या बाकावर परीक्षक. सरांचा विषय वऱ्हाडची काळी जमीन. सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं. इतक्यात कमल नावाची मुलगी हात वर करून उभी राहिली.

"सर, उन्हाळ्यात आमच्या वावरात हात जाईन एवढ्या भेगा पडते. पाऊस पडला का त्या बुजते. मंग ती माती कोठून येते?"

मला वाटलं, आता सर खडू खाली ठेवणार. सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक घड्याळ पाहत होते. सरांच्या कपाळावर घाम आला.

"बस खाली," ते म्हणाले. "ते पुढं येते."

ते पुढे आलंच नाही. टाचणात नव्हतं.

नंतर माझा पाठ झाला. डोळे सारखे कमलकडे जात होते. तिनं पूर्ण वेळ मान वर केली नाही. आणि ती काही विचारणार नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

दोघांचे पाठ उत्तम झाल्याचं कळलं. परत येताना मी सरांना ते हायसं वाटणं सांगून टाकलं. सर रस्त्यातच थांबले.

"म्हंजे आपलं भेव तिले लागलं, बाई."

मुलगी जवळच्या वलगावची होती. रविवारी सर मला सोबत घेऊन एस.टी.च्या मोटारीनं तिथं गेले. कमलची आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मास्तर दारात पाहून ती धास्तावलीच. "काय केलं जी इनं?"

"तिनं नाही, मी केलं," सर म्हणाले. त्यांनी एक वाटी मागितली, काळ्या मातीचं ढेकूळ फोडून काठाच्या जरा खालपर्यंत दाबून भरलं, वर बेतानं पाणी घातलं आणि उकिडवे बसून राहिले. हळूहळू माती काठाशी आली. "कोठून येत नाही, पोरी. तेच माती फुगते. त्या दिवशी मले येत होतं, पन मी भ्यालो."

कमल सरांकडे बघेना, वाटीकडेच बघत राहिली. मग मातीत बोट दाबून हळूच म्हणाली, "मंग उन्हाळ्यात यातलं पानी जाते कुठं?"

सरांचे डोळे भरून आले. "वा! आता झाला तास सुरू."

सर शाळेत कायम झाले, मीही झाले. पुढच्या एप्रिलला पाहते तो सर पुन्हा नकाशे गुंडाळतायत. "आता कशाला, सर?" मी म्हटलं.

"भेव जात नाही, बाई. ते आपल्यापाशी ठेवाचं. पोराइले नाही द्याचं."

कायम झाल्यानंतर चौथ्या वर्षी सर मे महिन्यात गेले. नकाशे त्यांच्या घरीच होते. जुलैत मी ते काखेत घेतले आणि पुलावरून शाळेत आणले.