गोंदणाच्या नसा

धनवंता आजीने गोंदियाच्या दवाखान्यातली नस दाखवणारी मशीन दगडाने फोडली, अशी बातमी आमच्या सालेकशाकडच्या गावात फिरते आहे. गावातला उदाराम तर दगड केवढा होता तेही हाताने दाखवतो. साफ खोटं. मी आजीची शेजारीण, तेव्हा तिच्यासोबत होते. तिने मशीनखाली फक्त स्वतःचा हात घातला.

आजीचा कशावरच भरवसा नाही. एसटीत चढताना ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेते. मेडिकलवाल्याला गोळी उलटीपालटी करून विचारते, "मांगची तं लाल होती, हे पांढरी कायले?"

दिव्या तिची नऊ वर्षांची नात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. दुखणं उठलं की सलाईन लागते, आणि नसा अशा बारीक की सापडतच नाहीत. मागच्या खेपेला पाच वेळा टोचलं. या वेळी पोरीने दवाखान्याच्या दारातच मुठी आवळल्या.

रिंकी सिस्टर वाक्यात मराठीतून चढते आणि हिंदीत उतरते. तिने टॉर्चएवढी मशीन आणली. "आजी, टेन्शन नका लो. पहिले ही मोठी स्टँडवाली यायची, आता मुट्ठीत मावते. हिच्यातून न दिसणारा उजेड निघतो. रक्त तो पिऊन घेतं, बाकी चमडी परत फेकते. अंदरचा सेन्सर ते पकडतो आणि हातावरच नसांचा नक्शा पाडतो, बस!"

"न दिसनारा?" आजीचे डोळे बारीक झाले. "न दिसनारं तं भूत बी रायते. पोरीले लावू नोको. पयले माह्या हातावर पाड."

हिरवा उजेड पडला. उन्हाने काळवंडलेल्या हातावर काळ्या रेघा उमटल्या.

"देखो, किती मस्त नसा!"

आजी वाकून पाहत राहिली. मनगटाजवळ रेघा वाकड्यातिकड्या होत्या. वर मात्र चक्क शिडी, शिडीच्या बाजूंना ठिपके.

"काऊन वं बाई, माह्या नसा शिडीवानी हायेत का? हे माहं गोंदन हाय, लहानपनचं. आता पुसट झालं. तुही मशीन तं इथंच सुई खुपसाले सांगून राहिली!"

सिस्टर ओशाळली. "गोंदणाची शाई पण तो उजेड पिते, आजी. मशीनला फरक नाही समजत."

मला वाटलं, झालं. आता आजी पोरीला उचलून एसटी गाठणार.

पण आजीने शिडीवर बोट दाबून सरकवलं. शिडी तशीच. मग मनगटाची रेघ दाबून बोट सरकवलं. रेघ पुसली गेली. बोट उचलताच परत भरली. तिने तीनदा करून पाहिलं.

"खरी पुसते अन् भरते. खोटी ढिम्म रायते. आता दिव्यावर पाड. पर दाबून मी पायीन."

दिव्याच्या हातावर चार रेघा आल्या. तीन आळशासारख्या भरल्या, चौथी टचकन. "हे," आजी म्हणाली.

मी तिच्या कानाशी लागले. "तरी तीनदा टोचतीनच, आजी."

"एकदा."

"लाव पैज! मी हारली तं आठ दिवस तुह्या मोहाची फुलं वेचीन."

सिस्टरने सुई घातली. दिव्याने गच्च मिटलेले डोळे उघडले तेव्हा हातावर पट्टी चिकटवून झाली होती. "कधी टोचलं?" तिने विचारलं.

त्यानंतर आठ दिवस पहाटे मी आजीचा मोह वेचला. टोपलंही माझ्याच घरचं.