पायाळू गयामावशी

आमच्या गावात एकाच बाईची लाथ लोक हात जोडून खात. पाठीत उसण भरली की भलेभले गडी गयामावशीच्या दारात पालथे पडायचे. ती पदर खोचून पाठीवर हलकेच पाय ठेवायची आणि म्हणायची, "ऊठ आता. म्हशीवानी पडू नको." मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसाच्या पायात गुण असतो, यावर रेणापूरकडच्या आमच्या गावाचा ठाम विश्वास.

पायाळूला जमिनीतलं पाणीही कळतं म्हणतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या दुष्काळात लोकांनी मावशीला बसू दिलं नाही. उजव्या तळव्यावर नारळ ठेवून ती करपलेल्या रानातून अनवाणी फिरायची. डावा हात लहानपणापासून लुळा. नारळ उभा राहिला की तिथे पहार पडायची. पाणी लागलं तर मावशीचा जयजयकार, नाही लागलं तर जमिनीचा दोष. मी शेजारची नवी सून. मला ती म्हणायची, "लोकं लई भोळी हायत पोरी. मला भोळ्या माणसाचंच भ्या वाटतंय."

मला आठवा सरत आला तेव्हा रेणापूरच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं, बाळ पायाकडून आहे. रोज गुडघे आणि छाती जमिनीला टेकून, कंबर वर करून थांबायचं. तरी फिरलं नाही तर बाळंतपण लातूरला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तिथे ऑपरेशनची सोय होती. सासूबाईंनी हे ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली! "घरात पायाळू येतंय. आपल्या आटलेल्या हिरीला पाणी आता घरचंच माणूस दावंल. लातूर-बितूर काही न्हाई. पोट फाडून काढलेल्याला पायाळू कोण म्हणंल?" आमचे हेही मान डोलावून मोकळे. मी जगेन का मरेन, याची कुणाला फिकीर नव्हती. इतका संताप आला की रडूही येईना.

मावशी रोज दुपारी दार लोटून यायची. मी जमिनीला छाती टेकली की पोटाजवळ तोंड नेऊन बोलायची, "फिर गं बाई. डोकं खाली घाल. माझ्यावानी येऊ नको." बाळ काही फिरलं नाही.

नववा भरत आला तशी सासूबाईंनी चार बायका जमवल्या आणि आशीर्वादाला मावशीलाच बोलावलं. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "हिला लातूरला न्या. आजच."

"काय बोलायलीस गया?" सासूबाई कडाडल्या. "तू सवता पायाळू असून?"

"म्हणूनच बोलते. माझे पाय आले अन् मुंडकं अडकलं. वढून काढलं मला. ह्यो हात तवाच गेला. मायबी तवाच गेली."

"पर पाण्याचं..."

"मला पाणी दिसत न्हाई!" मावशी किंचाळली. "कंदीच दिसलं न्हाई. तुमी नारळ देत गेलात, मी चालत गेले. लुळ्या बाईला फुकट कोण खाऊ घालणार व्हतं?"

ओसरीवरून ऐकणाऱ्या आमच्या ह्यांनी कुणाकडे न बघता जीप बोलावली. लातूरला ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी वाचलो.

परत आले तर मावशीच्या दाराला कुलूप. तिच्या शब्दावर विहिरी खोदलेले लोक दारात येऊन शिव्या देत होते म्हणे, पाणी लागलेलेसुद्धा! ती धर्माबादला भाच्याकडे निघून गेली होती. उन्हाळा लागताच मी हट्टाने लेकीला घेऊन तिकडे गेले. मावशी पार वाळली होती. तिने पोरीची इवलीशी पावलं कुरवाळली. "पोट फाडून काढली न्हवं? ब्येस झालं. हिच्या पायापाशी कुणी काही मागायला येणार न्हाई."

त्याच उन्हाळ्यात मावशी गेली. निरोप आला तेव्हा मी लेकीला पाजत होते. हिला आई उरली ती त्या बाईमुळे, हे आमच्या घरात बोलायचीसुद्धा चोरी होती.