दोन डोळ्यांतला पिवळा

ऑपरेशन करून घ्या, असं सोजराबाईंच्या मागे मीच लागले होते. म्हणून हा घोर मनातून जात नाही.

चाकणच्या कंपन्यांच्या पाठीला आमचं गाव. इथल्या लोहारआळीत एके काळी सात भट्ट्या होत्या. नांगराचे फाळ, विळे, बैलगाडीच्या चाकांच्या धावा इथून खेडच्या बाजाराला जायच्या. आता त्या घरांतली मुलं फोर्जिंगच्या शेडमध्ये बटणं दाबतात. माझी प्राजक्ताही डिप्लोमा करून तिथेच लागली आहे. ती दुसऱ्या शिफ्टवरून येईपर्यंत माझा डोळा लागत नाही.

आळीत आज एकच भट्टी पेटते, सोजराबाईंची. नवऱ्यासमोर उभं राहून त्यांनी तीस वर्षं घण मारला. तो गेल्यावर सांडसही हातात घेतली. गिऱ्हाईक बहुतेक पाथरवट. छिन्नी लाल करायची, टोक पाण्यात बुडवून काढायचं, घासून चकचकीत करायचं. मग मागची धग टोकाकडे सरकते आणि त्यावर रंग धावतात, आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. वाळल्या कडब्याचा पिवळा दिसला की तत्क्षणी पुन्हा पाणी. घाई झाली तर टोक तुटतं, उशीर झाला तर मऊ पडून वाकतं.

डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उत्तम झालं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "प्राजूच्या आई, ही साडी निळी हाय व्हय? मी आपली हिरवीच समजत व्हते!" आम्ही पोट धरून हसलो.

पंधरा दिवसांनी मालोजी पाथरवटानं पिशवी ऐरणीपाशी उपडी केली. बाराच्या बारा छिन्न्या वाकलेल्या.

"सोजराबाय, छिन्न्या हायत का मेणबत्त्या?"

"दगड बदलला आसंल तुजा."

"दगड त्योच हाय. तूच बदललीस. आता जमत नसंल तर सांग, मी पुण्यातनं तयार आणीन."

त्याच्यासमोर त्यांनी दोन नव्या केल्या. त्याही वाकल्या. पिंपरीत दुकान चालवणारा त्यांचा मुलगा शेखर फोनवर म्हणाला, "आई, बास आता. शेड गॅरेजला देऊन टाकू." त्यांनी फोन ठेवला आणि वाकलेल्या छिन्न्या गोळा केल्या.

घरी येऊन भाजी चिरताना मला ती साडी आठवली. हातातली भाजी तशीच टाकून धावले.

"मावशी, उजवा डोळा झाका बरं!"

त्यांनी पदरानं डोळा झाकला आणि डाव्यानं बघत एक छिन्नी केली. मालोजी अजून तिथेच होता, त्यानं ती दगडावर दाणदाण मारली. टोक जसंच्या तसं. जुना डोळा सगळं पिवळट दाखवत होता, आणि त्याच पिवळ्यावर त्यांचा हात बसला होता. नव्या डोळ्याला कडब्याचा रंग फिका वाटायचा, म्हणून त्या थांबायच्या, आणि तेवढ्यात पिवळा निघून जायचा.

आनंद दोन दिवस टिकला. डाव्या डोळ्याचीही तारीख मिळाली होती. सोजराबाई म्हणाल्या, "तारीख नगं मला."

"अहो, पिकलाय तो मोतीबिंदू. आणखी लांबवलं तर त्या डोळ्यानं दिसायचंच बंद होईल."

"आन काढला तर भट्टी बंद व्हईल. कुटला अंधार बरा, तुमीच सांगा. शिकल्याल्या हाय तुमी."

प्राजक्ताला विचारलं, तर तिच्याकडे भट्टीवर तापमानाचा आकडा दिसतो, रंग कुणी बघतच नाही. मी रोज एक चक्कर मारू लागले. घरी बसवत नव्हतं.

परवा गेले, तर त्या एक डोळा मिटत होत्या, दुसरा उघडत होत्या. डाव्यानं पिवळा ओळखायचा, लगेच उजव्यानं तोच बघायचा, मग पाणी.

"हे काय चाललंय, मावशी?"

"थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं," त्या छिन्नीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "थोरला जायच्या आत. तारीख हाय तशी ऱ्हाऊ द्या. आन बोलू नका, रंग पळतोय."

आज त्यांनी डावा डोळा कापडानं बांधला आणि एकट्या उजव्यानं दहा छिन्न्या केल्या. मालोजीनं एकेक मारून पाहिली. चार वाकल्या.

तारखेला अकरा दिवस आहेत.