घुबडाचे वाटे

घिवलीच्या रंभाबाई बोलता बोलता, खाली न बघता मासा साफ करतात. यंदा त्याच हातांत घुबडाच्या उलट्या आल्या.

झालं असं, की वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील कमी व्हायला लागले. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी एकनाथ म्हणाला, "वखारीतली घुबडं नेतात. रविवारी माळ्याचं भोक पत्रा मारून बंद."

त्याच वखारीत रंभाबाईंच्या सुक्या मासळीच्या गोणी असतात. घुबडाची जोडी आली आणि उंदरांचं गोणी कुरतडणं थांबलं. आता आत पिल्लंही होती.

"घुबड बोंबील नाय खात."

"काकी, तुला येऊन सांगितलं काय?"

"त्याच्या पोटातलं बघून सांगते. रविवारपर्यंत पत्र्याला हात लावू नको."

वाट दाखवली लेकीने. स्वाती पालघरच्या कॉलेजात शिकते. घुबड उंदीर अख्खा गिळतं; केस-हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ओकून टाकतं. माळ्याखाली असे काळपट गोळे पडलेलेच होते. रंभाबाईंनी टोपलीभर वेचले, भिजवले आणि सुई घेऊन ओट्यावर बसल्या.

"आये, मास्क लाव."

"जन्म मासलीत गेला, आता उंदराला नाक झाकू?"

"लाव गं."

लावला. पहिल्या दिवशी दोन कवट्या फुटल्या. नंतर एकही नाही. पुढचे दात लांब, तो उंदीर. तोंड निमुळतं, ती चिचुंद्री. शेजारणी नाक मुरडून जायच्या; रंभाबाई पुढचा गोळा उचलायच्या.

शनिवारी शेवटच्या गोळ्यातून बारीक दातांचा एक जबडा निघाला. तो कोणाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. बोंबलाचा.

स्वाती हळूच म्हणाली, "एकच हाय. नको ना दाखवू."

"वाट्यात खाली सडका मासा दडवला, तर गिऱ्हाईक परत येतं काय?"

रविवारी एकनाथ पत्रा, हातोडा आणि चार जण घेऊन आला. वखारीच्या दारात रंभाबाईंनी फळीवर वाटे मांडले होते, बाजारात मांडतात तसेच. उंदरांचा मोठा, चिचुंद्र्यांचा त्याहून लहान, आणि शेवटी एकटा जबडा.

एकनाथने नेमका तोच उचलला. "हा काय? बोंबील ना?"

"बोंबीलच. आता बाकीचे मोज."

तो उकिडवा बसला. मोजता मोजता चुकला, पुन्हा पहिल्यापासून लागला. एकसष्ट कवट्या.

"एवढे उंदीर-चिचुंद्र्या?"

"हे खाल्लेले. उरलेले तुझ्या वलांडीवर चढतात. एकदा बांबूवरच्या लेंड्या बघ."

एकनाथ जाऊन बांबू बघून आला. लेंड्या होत्याच.

"एकसष्टामागं एक बोंबील," तो म्हणाला. "आमचा राखणदार याच्यापेक्षा जास्त खातो."

चौघे हसले. त्याने पत्रा आडवा घातला आणि कापायला घेतला. संध्याकाळपर्यंत वलांडीच्या प्रत्येक बांबूला गुडघ्याएवढ्या उंचीवर पत्र्याची गुळगुळीत पट्टी बसली, उंदराचे पाय घसरावेत अशी.

माळ्याचं भोक उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी रंभाबाई नवे गोळे वेचायला टोपली घेऊन पुन्हा त्याच्याखाली उभ्या होत्या.