संस्थेनं शेअर काऊन विकले?

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. बुलढाण्यात मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची, म्हणजे फळ्यावर खडूनं परीक्षानळी काढून दाखवायची. खरी नळी शाळेत नव्हती. प्रयोगशाळेसाठी सरकार अनुदान देणार होतं, पण संस्थेनं आपला हिस्सा आधी उभा करावा अशी अट होती. संस्थेकडे रोख काही नव्हतं. होते ते एका तेलगिरणी कंपनीचे शेअर, कुणा दानशूर बाईंनी दिलेले. ते विकायचं ठरलं. अनुदान हाती येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असंही ठरलं. शिक्षकांच्या वतीनं मी त्या बैठकीला होते.

आठवड्याभरात आमच्या गल्लीतले वकीलसाहेब ओसरीवर हजर. त्यांचेही त्याच कंपनीत शेअर होते.

“बाई, संस्थेनं शेअर विकले म्हणे. काऊन?”

“मले सांगता येत नाही, वकीलसाहेब.”

त्यांनी आवाज खाली आणला. “म्हणजे आतली गोष्ट आहे?”

“हाव, आतलीच आहे.”

दोन्ही उत्तरं खरी होती. कंपनीत काही बिघडलेलं नाही, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. पण याच गृहस्थांनी पालकसभेत ‘पोरींच्या हातात ॲसिड कशाला?’ असं विचारून सगळ्यांना हसवलं होतं. मी चेहरा गंभीर केला आणि चहा घेणार का विचारलं. ते चहा न घेताच गेले.

चार दिवसांत गावात बॉयलर फुटला, मॅनेजर पळाला, गिरणीला टाळंही लागलं. सगळं तोंडातोंडीच. गिरणी रोज सुरू होती. वकीलसाहेबांनी मात्र मिळेल त्या भावात शेअर विकून टाकले.

माझ्या सासूबाईंनी मला सरळ विचारलं, “खरं काय हाय वं?”

घरातलं माणूस म्हणून मी सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग दुधाच्या पैशांचा डबा काढला आणि दलालाला बोलावून वकीलसाहेबांचेच शेअर घेतले. मी नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही.

प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला वकीलसाहेब आले. काचेच्या नळ्यांच्या रांगेपुढे बराच वेळ उभे राहिले.

“बाई, यासाठी विकले होते?”

“हो.”

“मग तेव्हा सांगायचं तरी!”

मला खरंच ओशाळं वाटलं. घरी जाऊन मी सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, त्यांचे शेअर त्यांना देऊन टाका.” त्या कबूल झाल्या, पण चालू भावानं. आणि ते तोवर चांगलेच वधारले होते.

वकीलसाहेब आले, बसले, खिशाकडे हातही गेला. मग थबकले. “पण तुम्ही काऊन विकून राह्यल्या?”

“मले शिलाई मशीन घ्याची हाय.”

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं, दोन दिवसांनी सांगतो,” म्हणाले आणि थेट गिरणीत काय बिघडलंय ते शोधायला गेले. परत आलेच नाहीत.

शेअर दुसऱ्यानं घेतले आणि मशीन आली. सासूबाईंनी तिच्यावर पहिलं पोलकं माझंच शिवलं. एक बाही बोटभर लांब झाली होती. तरी मी ते घालून शाळेत गेले, आणि दिवसभर तो हात टेबलाखाली ठेवून शिकवलं.