मोहाखाली दोन ते पाच

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. इतवारीत माझं भांड्यांचं दुकान आहे. गंज-पातेलं हातात घेऊन टिचकी मारून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, हा माझा स्वभाव. बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना म्हणून सगळे खोळंबले होते, तेव्हा “दर्भाचा करा आणि आटपा” असं म्हणणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण बायकोशिवाय कोणाला सांगितलेलं नाही, आणि आता आत ठेवणं जमत नाही.

आमचा फ्लॅट शहराच्या टोकाला, बेसाला, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या गॅलरीतून कंपाउंडपलीकडची मोठी पडीक जागा दिसते. अजून तिथे प्लॉट पडलेले नाहीत. पळस, बोरीची झुडपं, कमरेएवढं गवत, आणि मधोमध एक जुनं मोहाचं झाड. बाबा गेल्यावर आई नंदनवनमधलं जुनं घर सोडून आमच्याकडे राहायला आली. तिचं माहेर उमरेडकडच्या एका खेड्यातलं, लहानपण मोहफुलं वेचण्यात गेलेलं. पहिल्याच दिवशी ती गॅलरीत उभी राहून म्हणाली, “बाबू, तो मोहाच हाय नं? मले घेऊन चाल नं तिथं.”

“रविवारी जाऊ आई,” मी म्हणालो.

हळूहळू तिचं विसरणं वाढलं. दोनदा घराबाहेर निघून गेली. दुसऱ्यांदा पार मोठ्या रस्त्यावर, अनवाणी सापडली. मी घाबरलो. बायको शाळेत शिकवते, मी दुकानात. म्हणून बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. सकाळी मी लावायचो, पाच वाजता बायको उघडायची. आई ग्रिलला धरून उभी असायची. “कधी नेतं गा मले?” रोज तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर, रविवारी. रविवारी मी जेवून झोपायचो. त्या झाडापर्यंत चालत पाच मिनिटंही लागत नाहीत हो.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ती बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर, त्यामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले नाहीत. आई पलंगाला खिळली. जन्मभर लुगड्याशिवाय न राहिलेली माझी आई मॅक्सीवर आली. सांभाळायला बाई ठेवली, ती दुपारी दोनपर्यंत. जाताना तीही बाहेरून कुलूप लावून किल्ली चौकीदाराकडे द्यायची. मीच तसं सांगितलं होतं. बायको एकदा म्हणाली, “अहो, कुशीवर वळता येत नाही त्यांना, आता कुलूप कशाला?” मी म्हणालो, “राहू दे. सवय आहे.”

संक्रांतीनंतर चार दिवसांनी, दुपारी, आई गेली. कुलूपबंद घरात, एकटी. पाच वाजता बायकोने दार उघडलं तेव्हा कळलं.

त्यानंतर माझं दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. मार्चच्या सुरुवातीला एक दिवस दुपारी जेवायला घरी आलो, गॅलरीत गेलो, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, तसाच खाली उतरून त्या झाडापाशी गेलो. पळस फुलले होते. मोहाखाली एक सपाट दगड आहे, त्यावर बसलो आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. वारा होता, वाळलेली पानं गळत होती, लांब कुठेतरी भारद्वाज हुंकारत होता. छातीवरचं ओझं जरा सैल झालं. मग रोज जायला लागलो. खोटं नाही बोलत, तिथे बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की लगेच शरमही वाटायची. जी सावली तिने मागितली होती, त्याच सावलीत मी आरामात बसलो होतो.

सहाव्या-सातव्या दिवशी शेळ्या चारणारी एक बाई जवळ आली. रुखमाबाई, पलीकडच्या वस्तीतली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “भाऊ, त्या म्हाताऱ्या माय दिसत नाई आताशा. बऱ्या हायेत नं?”

“कोण म्हाताऱ्या माय?”

“तुमच्या बिल्डिंगीतल्या. तुमच्या घरच्याच असतीन नं? नाक-डोये तुमच्यावानीच. याच दगडावर बसे रोज. निळ्या फुलाची मॅक्सी, खांद्यावर टावेल.”

तशी मॅक्सी आईकडे होती, पण पडल्यानंतर घेतलेली.

“कधी यायच्या?” मी विचारलं.

“हाच हिवाळा. दोन वाजले का येत जाय. माह्याशी बोले, शेळीच्या पाठीवरून हात फिरवे. उनं उतरली का उठे. म्हणे, जातो माय, कुलूप उघडाची वेळ झाली. मी म्हटलं कायचं कुलूप, तर हासे नुसती. संक्रांत झाली अन् मंग नाई आल्या.”

मी मोबाईल काढून आईचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. “ह्याच. पन इतक्या थकलेल्या नाई दिसत होत्या इथं.”

“चालत यायच्या?”

“मंग? उडत येतीन का?”

मी धावतच गेटवर आलो. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, किल्ली माझ्याच खिशात राहायची, मॅडम आल्याशिवाय कोणालेच दिली नाही.” गेटवरच्या कॅमेऱ्यात पंधरा दिवसांपलीकडचं काही राहत नाही. बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कोणी आजी असतील म्हणून सगळ्या मजल्यांवर चौकशी केली. त्या वयाचं कोणीच नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती समजूत काढेल. पण ती म्हणाली, “हिवाळ्यात आईंच्या मॅक्सीच्या घेराला कुसळं निघायची. गवताची. धुवायच्या आधी मी एकेक वेचून काढायचे.”

“मग मला काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही सांभाळणाऱ्या बाईवर ओरडले असते. मला वाटलं, तिच्याच साडीला लागून येत असतील.”

सांभाळणाऱ्या बाईला फोन केला. ती चौकातून ऑटोने यायची, गवतात कधी पायही ठेवला नव्हता.

माझं डोकं अजूनही सांगतं की रुखमाबाईचा काहीतरी घोळ होतो आहे. पण कुलपाचं तिला कोणी सांगितलं? मॅक्सीचं? मोडलेल्या खुब्याचं माणूस तीन जिने उतरून तिथवर गेलं कसं, आणि बंद दारातून? कोणी उत्तर दिलं तरी ते मला पटेल असं वाटत नाही.

मी अजून जातो. परवा धीर करून रुखमाबाईला ते विचारलं, जे इतके दिवस तोंडातून निघत नव्हतं. “बाई, ती माझ्यावर रागावून होती काय?”

ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचं नाव नाई घेतलं कधी, भाऊ. मी इचारलं होतं एकडाव, लेकरं किती माय तुले? बराच वेळ इचार केला तिनं. मंग म्हणे, आठवत नाई वं.”

“बस? इतकंच?”

“इतकंच. अन् मंग वर मोहाकडे पाहत बसली.”