थंड नूडल्स आणि माझं ‘नको’

पुण्याला कॉलेजसाठी जायच्या आधीच्या शुक्रवारी लेकीने मला इथे कुवेतमध्ये साल्मियातल्या कोरियन हॉटेलात नेलं. नवऱ्याची मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत ड्यूटी, म्हणून आम्ही दोघीच. तिथल्या थंड नूडल्स म्हणे अगदी अस्सल. उन्हाळ्यात आमच्या खैतानच्या घरात गार पाण्याच्या नळाचाही चटका बसतो, तेव्हा म्हटलं, बर्फात बुडवलेलं जेवण तर बर्फात बुडवलेलं जेवण.

मी जाब्रियातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. घशाचे पेशंट बघून बघून गार खाण्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष खाण्यात नव्हतंच. मला तिच्याबरोबर पुण्याला जायचं होतं. होस्टेलवर तिची गादी घालायची होती, कपाट लावून द्यायचं होतं. दहा दिवसांची रजा घरात कुणाला न सांगता मंजूरही करून घेतली होती. फक्त तिने विचारायला हवं होतं. आपण होऊन कसं म्हणायचं? आईला काही मान आहे की नाही!

स्टीलचे दोन मोठे वाडगे आले. करड्या शेवया, काकडी, अर्धं अंडं, वर बर्फाचा चुरा. एरवी त्यांचं पाणी बीफचं असतं; मी बीफ खात नाही म्हणून तिने आधीच फोन करून माझ्यासाठी मुळ्याच्या आंबवलेल्या पाण्यातल्या सांगितल्या होत्या. वेट्रेस हातात कात्री घेऊन आली. नूडल्स कापून देऊ का, म्हणाली. मी म्हटलं, “नो, नो.” ती हसून निघून गेली. मग माझ्या तोंडात एक टोक आणि वाडग्यात दुसरं, अशी बराच वेळ माझी वरात चालली.

खरं तर मला कापून हवं होतं. पण पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणायला मी काय अधाशी आहे? आमच्याकडे कऱ्हाडला पंगतीत जिलबी आली की पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं लाज म्हणून. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून. जिलबी पडायला जागा नको?

लेक कुवेतमध्ये वाढलेली. तिच्या लेखी नको म्हणजे नको. चांगलीच शिकवण आहे, पण जिलबीचा अपवाद तिला सांगायचा राहूनच गेला. नूडल्सबरोबर मागवलेल्या प्लेटमध्ये शेवटचं मोमोसारखं काहीतरी उरलं होतं. “ममा, यू वाँट?” “नको, खा तूच.” तिने खाल्लं. मला राग आला, आणि राग आल्याचा आणखी राग आला.

मग मान वर न करता ती म्हणाली, “ममा, डू यू वाँट टू कम? पुण्याला? जस्ट फर्स्ट वीक?”

इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते समोर आलं, आणि माझं तोंड आपल्या वळणावर गेलं. “नको गं! रजा कुठे मिळतेय? आणि तू काय आता लहान आहेस?”

“ओके,” ती म्हणाली.

मी थांबले. ती आता म्हणेल ‘चल ना’, मग म्हणेल. तिने वाडगा उचलून पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि बिल मागवायला हात वर केला. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. वाढपी पुढच्या पानाकडे गेला होता.

“परत विचार,” मी म्हटलं.

“व्हॉट?”

“आत्ता विचारलंस ना, तेच परत विचार.”

मला ऐकू आलं नाही असं वाटून तिने मोठ्याने विचारलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

“येते,” मी म्हटलं. “मला यायचंय. रजा घेतलीय दहा दिवसांची.”

ती डोळे पुसत, चक्क मराठीत म्हणाली, “मग आधी नको का म्हणालीस? मी आठवडाभर घाबरत होते तुला विचारायला.”